रात्रपाळीच्या माणसाला पाणी ओळखता यावं म्हणून

जुलैतली रात्र. त्र्यंबकच्या डोंगरात संध्याकाळपासून पाऊस धरून बसलाय. दुसऱ्या पाळीचा माणूस तुरटीची धार लावून घरी गेला. रात्री दोनच्या सुमाराला येणारं पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि केंद्रावर तेव्हा एकच माणूस जागा असतो. टेबलावर गढूळपणा मोजायचा टर्बिडिटी मीटर आहे, कोपऱ्यात तुरटीचा डोस ठरवायच्या जार टेस्टचं यंत्र आहे, भिंतीवर रंगीत नकाशा आहे. साहेबांचा फोन लागत नाही. पुढच्या तासाभरात तो काय करतो, त्यावर सकाळी सहाला लोकांच्या हंड्यात काय पडणार ते ठरतं.

जलशुद्धीकरण केंद्रावरच्या माणसांचं प्रशिक्षण आखताना मी ही रात्र डोळ्यांसमोर ठेवतो. त्या रात्री उपयोगी पडेल ते शिकवायचं, बाकीचं वेळ उरला तर. पाणीपुरवठा अभियंते, केमिस्ट आणि जुने ऑपरेटर यांच्यावर कधी ना कधी नवी माणसं तयार करायची वेळ येतेच. २०२७ च्या सिंहस्थामुळे नाशिकमध्ये तर ती आलीच आहे. त्यांच्यासाठी ही पद्धत जशी वापरतो तशी लिहितो. धरणाचं किंवा नदीचं पाणी तुरटी, निवळणी, वाळूचा फिल्टर आणि क्लोरीन या नेहमीच्या मार्गाने शुद्ध करणारी केंद्रं इथे गृहीत धरली आहेत.

बॅच, वेळ आणि कॅन

एका बॅचला आठ ते दहा माणसं, त्याहून जास्त नकोत. मीटर एकच असतो आणि मागच्या रांगेतला माणूस मोबाइल बघत बसतो. अधिकाऱ्यांची बॅच वेगळी आणि कामगारांची वेगळी असा प्रघात आहे, तो मोडा. कनिष्ठ अभियंता, केमिस्ट, ऑपरेटर, फिल्टर अटेंडंट, व्हॉल्व्हमन सगळे एकत्र घ्या. अभियंत्याने एकदा स्वतः तुरटीच्या टाकीवर चढून धार मोजली की लॉगबुकात दर तासाला तोच आकडा का पडतो ते त्याला समजावून सांगावं लागत नाही.

बरीचशी प्रशिक्षणं फेब्रुवारी-मार्चमध्ये होतात, कारण निधी संपवायचा असतो. तेव्हा गंगापूर धरणाचं पाणी नितळ असतं. अशा पाण्यावर जार टेस्ट शिकवणं म्हणजे कोरड्या विहिरीत पोहायला शिकवणं. म्हणून दोन तुकडे करा: मे अखेरीस चार दिवस आणि जुलैत, पाणी गढूळ झाल्यावर, पुन्हा दोन दिवस. दुसरा तुकडा वगळायचा मोह होतो, कारण पावसाळ्यात कुणालाच सुट्टी देता येत नाही. तो वगळायचाच असेल तर पहिलाही घेऊ नका.

वर्गातला भाग अर्ध्या दिवसात उरका. नाशिकरोडला महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची 'मित्रा' ही प्रशिक्षण संस्था आहे, तिच्यासारख्या ठिकाणी तो चांगला होतो. उरलेले सगळे दिवस चालू केंद्रावर घालवा.

प्रत्येकाला येताना आपल्या गावचं कच्चं पाणी वीस लिटरच्या कॅनमध्ये आणायला सांगा. शहरातच गंगापूर, दारणा आणि मुकणे अशी तीन धरणांची पाणी आहेत. मनमाडचा माणूस वाघदर्डीचं आणेल, मालेगावचा गिरणेचं. साठवून ठेवलेलं, उन्हाळ्यात शेवाळाने हिरवट झालेलं पाणी आणि घाटमाथ्यावरून नुकतंच उतरलेलं पाणी तुरटीला सारखं वागत नाही. हे व्याख्यानात सांगून कुणाच्या लक्षात राहत नाही. शेजारच्याच्या जारमधला गाळ खाली बसलेला आणि आपल्या जारमधला तरंगत राहिलेला दिसला, की राहतं.

सामान फार लागत नाही. टर्बिडिटी मीटर आणि त्याची प्रमाण द्रावणं, पीएच मीटर, जार टेस्टचं यंत्र, डीपीडीचा (रंगावरून क्लोरीन मोजायचा) संच, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) काढायचं साहित्य, दहा लिटरची बादली, स्टॉपवॉच, मोजपट्टी, पारदर्शक बाटल्या. यातली बादली विसरू नका.

पहिला दिवस: शेवटाकडून सुरुवातीकडे

केंद्र दाखवताना सगळे पाण्यात हवा मिसळणाऱ्या एरेटरपासून सुरू करतात, कारण तिथे पाणी पायऱ्यांवरून छान उड्या मारतं. मी शुद्ध पाण्याच्या संपापासून, म्हणजे साठवण टाकीपासून, उलटा चालतो. संप, फिल्टर, क्लॅरिफायर (गाळ खाली बसवायची टाकी), फ्लॅश मिक्सर (तुरटी जोरात मिसळतात तो), शेवटी एरेटर. प्रत्येक ठिकाणी एक बाटली भरायची आणि कठड्यावर ओळीने मांडायची. मग प्रत्येकाने डोळ्यांनी बघून एनटीयूचा (गढूळपणाच्या एककाचा) अंदाज कागदावर लिहायचा आणि त्यानंतर मीटरवर मोजायचं.

उलटं चालल्याने प्रश्न विचारायची सवय लागते. फिल्टरनंतर २ एनटीयू का आलं? फिल्टरवर येतानाच १५ होतं म्हणून. १५ का? क्लॅरिफायरमधून फ्लॉक, म्हणजे तुरटीने गोळा झालेले गाळाचे पुंजके, वाहून येतोय म्हणून. तो का वाहतोय? अशा रीतीने माणूस चार प्रश्नांत तुरटीच्या नळापाशी पोहोचतो. रात्री दोनला त्याला हाच रस्ता धरायचा असतो.

मोजण्याआधी काच पुसायला शिकवा. हे हास्यास्पद वाटतं, पण चुकीच्या नोंदींपैकी बऱ्याचशा काचेवरच्या बोटांच्या ठशांमुळे, थंड पाण्याने बाहेरून धरलेल्या दमटपणामुळे आणि आतल्या बुडबुड्यांमुळे येतात. एका केंद्रावर मी लॉगबुक चाळत होतो. तीन महिने, दर तासाला, ०.८ एनटीयू. विचारलं, "दादा, मीटर कुठंय?"

"साहेब, दुरुस्तीला गेलाय."

"कधी?"

"दिवाळीच्या आधी."

त्याला रागावण्यात अर्थ नव्हता. रकाना रिकामा ठेवला तर मेमो मिळतो आणि भरला तर कुणी विचारत नाही, एवढं व्यवस्थेने त्याला नीट शिकवलं होतं. म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर, वरिष्ठांच्या तोंडून वदवून घ्या: मोजलं नसेल तर 'मोजलं नाही' असं लिहायचं, आणि त्याबद्दल कुणी काही म्हणणार नाही.

आकडे थोडेच पाठ करून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १०५०० नुसार, गढूळपणा १ एनटीयूपर्यंत हवा. दुसरा स्रोत नसेल तर ५ पर्यंत चालवून घेतात. पीएच ६.५ ते ८.५. उरलेला क्लोरीन कमीत कमी ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर. ई-कोलाय १०० मिलिलिटरमध्ये एकही नको. फिल्टरच्या तोंडाशी मात्र १ च्या आतच राहायचं. ५ ही सवलत आहे, तिला लक्ष्य समजू नये.

बादली आणि स्टॉपवॉच

इथे पूर्ण अर्धा दिवस द्या. बहुतेक केंद्रांवर 'डोस किती?' विचारलं तर उत्तर येतं, 'दोन पोती' किंवा 'नळ अर्धा'. ते मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये आणायचं आहे आणि त्याला बीजगणित लागत नाही.

समजा केंद्र २४ एमएलडीचं, दिवसाला २४ दशलक्ष लिटरचं आहे, म्हणजे तासाला १००० घनमीटर पाणी. डोस ठरला ३० मिलिग्रॅम प्रति लिटर. एका घनमीटरला ३० ग्रॅम, तर तासाला ३० किलो तुरटी. टाकीत ५ टक्क्यांचं द्रावण आहे, म्हणजे १००० लिटरला ५० किलो. ३० किलो तुरटी जायला ६०० लिटर द्रावण लागेल. मिनिटाला १० लिटर. तर दहा लिटरची बादली धारेखाली धरली की ती बरोबर एका मिनिटात भरली पाहिजे. डोस ६० करायचा असेल तर अर्ध्या मिनिटात.

हे गणित प्रत्येकाने आपल्या केंद्राच्या आकड्यांवर स्वतःच्या हाताने तीनदा करायचं. आणि मग खरोखर बादली धरायची. पहिल्यांदा धरली की चेहरे बघण्यासारखे असतात. ३० चा डोस चालू आहे असं समजत असताना बादली भरायला दोन मिनिटं लागतात, कारण नळीत तुरटीचा चोथा साचलेला असतो.

मग पुढचा प्रश्न: दोन पंप चालू होते, तिसरा लावला, धार तीच ठेवली, तर डोस किती झाला? प्रवाह दीडपट झाला असं धरलं तर ३० चा २० झाला. पाणी तेच, तुरटी तीच, तरी तासा-दोन तासांनी फिल्टर गढूळ. 'आपोआप बिघडलं' म्हणतात त्यातली कित्येक प्रकरणं एवढीच असतात. पंप बदलला की धार बदला, हे पंपाच्या स्टार्टरवर रंगाने लिहून ठेवायला हरकत नाही. त्यासाठी येणारा प्रवाह व्ही-नॉचवर (व्ही आकाराच्या खाचेवर) किंवा फ्ल्यूमवर (मोजणीच्या अरुंद पाटावर) वाचता आला पाहिजे, आणि नॉचवरचं शेवाळ घासलेलं पाहिजे.

द्रावणाची ताकद तपासायला हायड्रोमीटर असतो. पाच टक्क्यांचं म्हणून भरलेली टाकी ढवळली नसेल तर वर पाणी आणि तळाला पाक, अशी अवस्था असते.

जार टेस्ट

यंत्र जवळपास सगळीकडे असतं आणि बऱ्याच ठिकाणी त्यावर प्लॅस्टिकचं आवरण असतं. ते काढा.

केंद्रावरचीच तुरटी घ्या. प्रयोगशाळेतल्या बाटलीतली शुद्ध पावडर घेतली तर येणारा डोस तुमच्या तुरटीच्या लाद्यांना लागू पडणार नाही. १० ग्रॅम तुरटी एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवा. या द्रावणाचा १ मिलिलिटर एक लिटर पाण्यात टाकला की १० मिलिग्रॅमचा डोस होतो. हे द्रावण त्याच दिवशी वापरायचं, उरलेलं ओतून द्यायचं.

सहा जारमध्ये एकेक लिटर कच्चं पाणी. आधी त्याचा गढूळपणा, पीएच आणि अल्कलिनिटी नोंदवा. सहा लहान पेल्यांत १, २, ३, ४, ५, ६ मिलिलिटर मोजून ठेवा आणि दोघातिघांनी मिळून सगळे एकाच वेळी ओता. एक एक करत टाकलं तर पहिल्या जारला जास्त ढवळण मिळतं. एक मिनिट १०० फेऱ्यांवर जोरात, मग पंधरा ते वीस मिनिटं ३० ते ४० फेऱ्यांवर हळू, मग पाती बाहेर काढून अर्धा तास शांत. या वेळात कुणालाही चहाला सोडू नका. फ्लॉक कुठल्या जारमध्ये आधी दिसला, टाचणीच्या टोकाएवढा की साबुदाण्याएवढा, लगेच खाली बसला की घुटमळत राहिला, हे लिहून घ्यायचं असतं. शेवटी पृष्ठभागाच्या दोन-तीन सेंटिमीटर खालून पिपेटने पाणी घेऊन मोजायचं.

आता निर्णय. समजा २०० एनटीयूच्या पाण्यावर निवळलेले आकडे आले: ४८, १९, ७, ४, ३.८, ५. नवखा माणूस ३.८ वर बोट ठेवतो. मी ४० मिलिग्रॅमचा चौथा जार घेतो, कारण पुढचे दहा मिलिग्रॅम टाकून हाती काही लागत नाही. आणि सहाव्या जारमध्ये गढूळपणा परत वाढला आहे ते आवर्जून दाखवा. तुरटी जास्त झाली की कण पुन्हा एकमेकांना दूर ढकलू लागतात, शिवाय पाण्यात ॲल्युमिनियम उरतं. 'पाणी गढूळ, टाक आणखी' या सवयीवर हा एक जार पुरेसा आहे.

अल्कलिनिटीवर थोडं थांबा, घाटाकडच्या पाण्याला ते लागतं. १ मिलिग्रॅम तुरटी अंदाजे अर्धा मिलिग्रॅम अल्कलिनिटी खाते. पाण्यात ४० आहे आणि तुम्ही ६० तुरटी टाकली, तर १० च उरली. पीएच घसरतो, फ्लॉक धरत नाही आणि माणूस घाबरून तुरटी वाढवतो, म्हणजे आणखीच घसरतो. अशा वेळी चुना लागतो किंवा तुरटीऐवजी पीएसी (पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड), कारण ती अल्कलिनिटी कमी खाते. मनमाडच्या आणि त्र्यंबककडच्या कॅनवर ही चाचणी शेजारी शेजारी लावा.

क्लॅरिफायर

याला एक तास पुरतो. फ्लॅश मिक्सर बंद ठेवून 'एरेटरवर मिसळतंच की' म्हणणाऱ्यांना जारच्या पहिल्या मिनिटाची आठवण द्या. मधल्या फ्लॉक्युलेटरची पाती हळू फिरली पाहिजेत, जोराने फिरली तर झालेला फ्लॉक फुटतो. गाळ थोडा थोडा आणि वारंवार सोडायचा. दिवसातून एकदाच धो धो सोडला तर आधी गाळ जातो आणि मग नुसतं पाणी. पावसाळ्यात या खेपा दुप्पट-तिप्पट कराव्या लागतात. कडेच्या पन्हाळीवरून पाणी सगळीकडून सारखं पडतंय का ते फेरी मारून बघा. एकाच बाजूने पडत असेल तर त्या बाजूने फ्लॉकही जातो.

लाइट गेल्यानंतरचा प्रसंग मात्र करून बघा. दोन तासांनी लाइट आली की सगळे पंप एकदम लावायची घाई असते, कारण टाक्या रिकाम्या असतात. त्या धक्क्याने बसलेला गाळ उसळतो. एक पंप, मग पंधरा-वीस मिनिटांनी दुसरा.

फिल्टर

इथे आधी एक गैरसमज फोडायचा. तळाला छिद्र पाडलेल्या बाटलीत कापड आणि वाळू भरा आणि तुरटी न टाकलेलं गढूळ पाणी ओता. खालून गढूळच येतं. फिल्टरची वाळू अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते आणि तिच्या फटींतून चिकणमातीचा कण सहज निघून जातो. तुरटीने चिकट केलेला कणच वाळूला धरतो. हे एकदा बघितलेला माणूस फिल्टरला शिव्या देत नाही, धार बघायला जातो.

बॅकवॉश, म्हणजे उलट्या पाण्याने फिल्टर धुणं, कधी? हेडलॉस (वाळूतून जाताना पाण्याचा घटणारा दाब) १.८ ते २ मीटरच्या घरात गेला, किंवा बाहेरचं पाणी १ एनटीयूच्या वर जाऊ लागलं, किंवा ठरवलेले तास संपले, यातलं जे आधी होईल तेव्हा. 'सकाळी आठला' हे उत्तर चुकीचं. क्रम असा: येणारं आणि जाणारं पाणी बंद, पातळी वाळूच्या वर वीतभर येईपर्यंत उतरवायची, तीन ते पाच मिनिटं हवा, हवा पूर्ण बंद करून मग पाणी, साधारण दहा मिनिटं. व्हॉल्व्ह हळू उघडायचा. झटक्यात उघडला तर खालची खडी हलते आणि ते दुरुस्त करायला आख्खा बेड उपसावा लागतो.

हवा सोडल्यावर बेडवर उभं राहून नुसतं बघायला लावा. सगळीकडे सारखी उकळी फुटली पाहिजे. एका कोपऱ्यात कारंजं आणि दुसऱ्यात शांतता असेल तर खाली नोझल तुटलंय किंवा बुजलंय. धुणं कधी थांबवायचं ते घड्याळावर सोडू नका, पन्हाळीतलं पाणी बाटलीत धरून ठरवा. आणि धुतल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं निघणारं पाणी संपात जाऊ न देता वाया सोडा, कारण नुकत्याच धुतलेल्या फिल्टरचं पहिलं पाणी गढूळ असतं. तसा व्हॉल्व्ह असतो, बहुधा गंजलेला. प्रशिक्षणाच्या निमित्ताने तो सुरू करून घ्या.

महिन्यातून एकदा पन्हाळीच्या काठापासून वाळूपर्यंतचं अंतर मोजपट्टीने मोजायचं. अंतर वाढत चाललं असेल तर वाळू धुण्यात वाहून जातेय. वाळूत हात घालून मातीचे गोळे लागतात का तेही बघायचं. लागले तर धुणं कमी पडतंय.

क्लोरीन

आवाज चढवून शिकवायचा हा एकच विषय. क्लोरीनचा ९०० किलोचा टनर, म्हणजे मोठं सिलिंडर, आडवा ठेवलेला असतो. त्याचे दोन व्हॉल्व्ह एकावर एक उभ्या रेषेत यायला हवेत, वरच्यातून वायू येतो, खालच्यातून द्रव. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड असतो, खड्ड्यात आणि तळाशी साचतो. म्हणून पळायचं ते वाऱ्याच्या विरुद्ध नाहीतर आडवं, आणि उंचावर. गळती शोधायला अमोनियाचा बोळा, पांढरा धूर दिसतो तिथे गळती. गळतीवर पाणी मारायचं नाही, ओल्या क्लोरीनने धातू खाल्ला जातो आणि भोक मोठं होतं. बंद खोलीत गळती असेल तर साधा मास्क पुरत नाही, हवेचं सिलिंडर पाठीवर घेऊनच आत जायचं, दोघांनी, आणि तिसरा बाहेर उभा. ते सिलिंडर प्रत्येकाने प्रशिक्षणात दोनदा चढवून, वेळ लावून उतरवलं पाहिजे. पेटीत सील असलेलं सिलिंडर बघून सही घेणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे.

डोसची पडताळणी वजनकाट्यावर करा. २४ एमएलडीला २ मिलिग्रॅम म्हणजे दिवसाला ४८ किलो, तासाला २, पाळीला १६. वायूचा प्रवाह दाखवणारा रोटामीटर २ दाखवतोय आणि आठ तासांत टनरचं वजन नऊच किलो उतरलंय, तर वजनावर विश्वास ठेवा. संपर्काला अर्धा तास मिळाला पाहिजे आणि त्यानंतर ०.५ तरी उरला पाहिजे. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीतच खर्च होतो. पीएच ७.५ च्या पुढे गेला की त्याचा जोरही उतरतो.

डीपीडीचा एक सापळा आहे. क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग येतो आणि क्षणात उडतो, पाणी बिनरंगी दिसतं. माणूस 'शून्य' लिहितो आणि डोस वाढवतो. शंका आली की नमुना दहापट पातळ करून पुन्हा बघायचं. हे मुद्दाम ब्लीचिंग टाकलेल्या बाटलीवर करून दाखवा.

जुलैतली परीक्षा

लेखी पेपर नको. रात्री दहाला दोघांना केंद्र सोपवा आणि आधी ठरवलेलं एक बिघाडाचं नाटक सुरू करा. चालू पुरवठ्याला धक्का लागेल असं काही करायचं नाही. नमुन्याच्या बाटल्या बदला, तुरटीची नळी बुजल्याचं सांगा, पंप वाढवल्याचं सांगा. तुम्ही खुर्चीवर बसून फक्त वेळ लिहा: पहिल्यांदा काय मोजलं, किती मिनिटांनी, कुठला आकडा बघून धार बदलली, कुणाला फोन केला, लॉगबुकात काय लिहिलं. जार टेस्टला तास लागतो, तोवर काय केलं? इथेच कस लागतो. आधीच्या चाचण्यांवरून अंदाजे डोस लावायचा, जमत असेल तर पंप एकाने कमी करायचा, आणि मग जार लावायचे, असं जो करतो तो पास.

पूर आला की नाशिककर गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला ते विचारतो. केंद्रावरच्या माणसाची मोजपट्टी वेगळी हवी, आणि ती त्याला स्वतःच बनवू द्या. पन्नास एनटीयूला किती, दोनशेला किती, पाचशेला किती, आणि त्या त्या डोसला बादली किती सेकंदांत भरते, असा तक्ता प्रत्येक केंद्राच्या माणसांनी जुलैच्या जार टेस्टवरून, आपल्या अक्षरात लिहायचा. खाली तारीख आणि लिहिणाऱ्यांची नावं. तो लॅमिनेट करून तुरटीच्या टाकीजवळ, जिथे रात्री दिवा असतो तिथे लावायचा, आणि पुढच्या जुलैत नवा तक्ता आला की जुना उतरवायचा.